गोठ्यातील दिव्याचा जमाखर्च

मावळातील एका खेड्यात माझ्या मामांचा गोठा आहे. घरापासून सुमारे ४०० मीटर दूर, शेताच्या बांधाला लागून. घरात वीज आहे, गोठ्यात नाही. पहाटे साडेचारची आणि संध्याकाळी सातची धार विजेरीच्या उजेडात काढावी लागे. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या मध्याला मी तेथे गेलो असताना मामा म्हणाले, "तू एवढं कॉलेजात वीज शिकवतोस, आमच्या गोठ्यात एक दिवा लावून दे की रे."

मी दिवा लावून दिला. २० वॅटचे सौर पॅनेल, २० अँपिअर-तासांची बॅटरी, एक नियंत्रक आणि दोन दिवे. मामी रोज संध्याकाळी कळ दाबत, गोठा उजळून निघे. मामांचा मोबाइलही तेथेच चार्ज होऊ लागला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाने धरले आणि पावसाच्या दुसऱ्याच रात्री दिवा लागेना. नेमकी त्याच रात्री गाय अडली होती. वासराचा एक पुढचा पाय मागे दुमडलेला होता. गोठ्यात काळोख, मोबाइल उतरलेला. मामी भर पावसात शेजारच्या वस्तीवर जाऊन विजेरी घेऊन आल्या. तोपर्यंत मामांनी अंधारातच, हाताच्या अंदाजाने, पाय सरळ करून घेतला होता. वासरू वाचले. पण ते मामांच्या हातांमुळे वाचले, माझ्या दिव्यामुळे नव्हे.

पुढच्या रविवारी मी बॅटरीचा दाब मोजला. ती पार उतरली होती. घरातील सर्वांनी पावसाला दोष दिला. मी मात्र वही-पेन्सिल घेऊन बसलो आणि माझ्या ध्यानात आले की दोष पावसाचा नसून माझ्या हिशोबाचा आहे. तो हिशोब आज आपण करू या. त्यासाठी ओहमचा नियम, गुणाकार आणि भागाकार एवढेच पुरेसे आहे.

आधी खर्च लिहा

सौर पॅनेल घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, "पॅनेल केवढे घेऊ?" हा प्रश्न शेवटचा आहे. पहिला प्रश्न असा: रात्रीतून आपल्याला ऊर्जा किती लागते? शहाणा माणूस आधी घरखर्च लिहितो आणि मग कमाईचा विचार करतो. तसेच येथेही करावे.

शक्ती वॅटमध्ये मोजतात. शक्तीला वेळेने गुणले की ऊर्जा मिळते आणि ती वॅट-तासांत येते. मामांच्या गोठ्यातील खर्च पुढीलप्रमाणे होता.

आतील दिवा: ७ वॅट, सकाळ-संध्याकाळ मिळून ४ तास = २८ वॅट-तास
दाराबाहेरील दिवा: ३ वॅट, रात्रभर १० तास = ३० वॅट-तास
मोबाइल चार्ज करणे: सुमारे २० वॅट-तास
नियंत्रकाचा स्वतःचा खर्च: सुमारे २ वॅट-तास
एकूण: ८० वॅट-तास

दाराबाहेरचा दिवा केवळ ३ वॅटचा असूनही आतल्या ७ वॅटच्या दिव्यापेक्षा जास्त ऊर्जा खातो, हे पाहिलेत ना? लहान पण सतत चालणारा खर्च नेहमी असाच फसवतो. हे दिवे एलईडीचे आहेत. ७ वॅटचा एलईडी जेवढा उजेड देतो, तेवढ्यासाठी तारेच्या जुन्या दिव्याला ६० वॅटच्या जवळपास लागत. तसा एक दिवा ४ तास लावला असता तर त्यालाच २४० वॅट-तास लागले असते. सूर्यावर दिवा लावणे आज सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आले, त्याचे निम्मे श्रेय पॅनेलला आणि निम्मे ह्या दिव्याला आहे.

आपली बॅटरी १२ व्होल्टची आहे. म्हणून ८० ला १२ ने भागू या. उत्तर ६.७ येते. म्हणजे बॅटरीतून रोज ६.७ अँपिअर-तास इतका विद्युत्‌भार बाहेर पडतो. १ अँपिअरचा प्रवाह १ तास वाहिला की १ अँपिअर-तास होतो. येथून पुढचा हिशोब आपण अँपिअर-तासांतच करणार आहोत. त्याचे कारण लवकरच समजेल.

ऊन म्हणजे नेमके किती?

पृथ्वीच्या वातावरणाबाहेर, सूर्यकिरणांना काटकोनात धरलेल्या १ चौरस मीटर पृष्ठावर सुमारे १३६१ वॅट शक्ती पडते. वातावरण त्यातील काही भाग शोषते, काही विखुरते. निरभ्र दिवशी भर दुपारी जमिनीवर पोहोचते ती साधारण १००० वॅट. ह्याला आपण 'पूर्ण ऊन' म्हणू.

पण सकाळी आठचे ऊन म्हणजे काही दुपारी बाराचे ऊन नव्हे. म्हणून दिवसभरात पडलेली सर्व ऊर्जा एकत्र करायची आणि ती किती तासांच्या पूर्ण उन्हाइतकी होते ते पाहायचे. दिवस बारा तासांचा असला तरी महाराष्ट्रात पूर्ण उन्हाचे तास वर्षाच्या सरासरीने साधारण ५ ते साडेपाच भरतात. एप्रिल-मे महिन्यांत ते साडेसहापर्यंत चढतात. पावसाळ्यात मात्र मावळासारख्या भागात दाट ढगांच्या दिवशी २ तासही जेमतेम मिळतात, आणि झड लागली की एका तासाइतकेही नाहीत.

पॅनेलच्या आत काय घडते?

सौर पॅनेल म्हणजे सिलिकॉनच्या सौरघटांची माळ. सिलिकॉन हा अर्धसंवाहक आहे. त्याच्या एका थरात फॉस्फरसचा अंश मिसळलेला असतो आणि तेथे मोकळे इलेक्ट्रॉन अधिक असतात. दुसऱ्या थरात बोरॉनचा अंश असतो, तेथे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा अधिक असतात. दोन्ही थर जेथे मिळतात तेथे एक विद्युत्‌क्षेत्र आपोआप तयार होते. प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, आत शिरून एखादा इलेक्ट्रॉन सुटा करतो, आणि हे क्षेत्र त्या इलेक्ट्रॉनला एका बाजूला ढकलते. बाहेरून तार जोडली की प्रवाह सुरू.

एक फोटॉन फार तर एक इलेक्ट्रॉन सोडवतो. म्हणून प्रकाश निम्मा झाला की प्रवाहही निम्मा होतो. परंतु दाब मात्र जवळजवळ तेवढाच राहतो, कारण तो प्रामुख्याने सिलिकॉनच्या गुणधर्मावर अवलंबून असतो. काम करताना एका घटाचा दाब सुमारे अर्धा व्होल्ट असतो. ३६ घट एकसरीत जोडले की १८ व्होल्ट होतात.

प्रकाशापासून वीज मिळते हे फ्रान्समधील एडमंड बेकरेल याने १८३९ साली पाहिले होते. पण उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी १९५४ साली बनवला. पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्के ऊर्जेची तो वीज करी. १९५८ च्या व्हॅनगार्ड-१ ह्या उपग्रहावर सौरघट होते आणि १९७५ साली सोडलेल्या आपल्या 'आर्यभट' उपग्रहावरही होते. आजची बाजारातील चांगली पॅनेले २० टक्क्यांच्या आसपास पोहोचली आहेत.

आता एक शंका तुमच्या मनात आली असेल. बॅटरी १२ व्होल्टची, मग पॅनेल १८ व्होल्टचे कशाला? पाणी उतारावरूनच वाहते, तसा प्रवाह अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जातो. १२ व्होल्टची म्हणवली जाणारी बॅटरी पूर्ण भरायची तर तिला सुमारे १४.४ व्होल्टांपर्यंत न्यावे लागते. शिवाय पॅनेल तापले की त्याचा दाब घटतो. प्रत्येक घटामागे, दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्ट. पॅनेलवरील आकडे २५ अंशांचे असतात. मे महिन्यात पॅनेलचे घट सहज ६५ अंशांना पोहोचतात. ३६ घट, ४० अंशांची वाढ, दर अंशाला २ मिलिव्होल्ट: गुणाकार करा, जवळजवळ ३ व्होल्ट कमी! १८ चे १५ झाले. म्हणजे १८ व्होल्ट ही चैन नसून गरज आहे.

विकतात वॅट, मिळतात अँपिअर

माझी खरी चूक येथे दडलेली होती. मी मनात असा हिशोब केला: पॅनेल २० वॅटचे, ऊन ५ तास, म्हणून १०० वॅट-तास. खर्च ८०. म्हणजे २० शिल्लक! हा हिशोब दिसायला किती सरळ आहे, आणि किती खोटा!

साधा नियंत्रक पॅनेलला बॅटरीशी जवळजवळ थेट जोडतो. मग पॅनेल स्वतःच्या १८ व्होल्टांवर काम करीत नाही. बॅटरी त्याला आपल्या १३ व्होल्टांवर खेचून आणते. प्रवाह मात्र तेवढाच राहतो. २० वॅट भागिले १८ व्होल्ट म्हणजे १.१ अँपिअर. आणि १.१ गुणिले १३ म्हणजे सुमारे १४ वॅट. उरलेले ६ वॅट आपल्या हाती लागतच नाहीत. म्हणूनच अशा मांडणीत वॅटवर विसंबू नये, अँपिअर पाहावेत. एमपीपीटी नावाचा दुसऱ्या प्रकारचा नियंत्रक जास्तीच्या दाबाचे रूपांतर जास्तीच्या प्रवाहात करून हा तोटा बराच भरून काढतो. पण तो महाग असतो आणि लहान पॅनेलला त्याचा खर्च परवडेलच असे नाही.

दुसरी गळती बॅटरीत. शिसे-आम्ल बॅटरीत १०० अँपिअर-तास भरले तर साधारण ८५ परत मिळतात.

आता मे महिन्यातला खरा जमाखर्च मांडू:

जमा: १.१ अँपिअर × ६.५ तास × ०.८५ = सुमारे ६.१ अँपिअर-तास
खर्च: ६.७ अँपिअर-तास
तूट: रोज ०.६ अँपिअर-तास

भर उन्हाळ्यात, ऐन उन्हातसुद्धा तूट होती! मग दिवा महिनाभर लागला कसा? बॅटरी मी बाजारातून भरून आणली होती. ते २० अँपिअर-तासांचे भांडवल रोज थोडे थोडे खाऊन दिवा जळत होता. पंचवीस-सव्वीस दिवसांत १५ अँपिअर-तासांवर गेले आणि जेमतेम ४-५ उरले. मग पाऊस आला. जमा झाली १.१ × २ × ०.८५, म्हणजे १.९. तूट एकदम ४.८. उरलेले भांडवल एका रात्रीत संपले. पाऊस केवळ निमित्त झाला. दिवाळे आधीच निघत आले होते. दिवा लागतो आहे एवढ्यावरून हिशोब बरोबर आहे असे ठरत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

बॅटरी: जितकी कष्टाळू तितकी नाजूक

शिसे-आम्ल बॅटरीचा शोध फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते याने १८५९ साली लावला. तिच्या एका पट्टीवर शिसे असते, दुसरीवर शिशाचे डायऑक्साइड, आणि मध्ये विरल सल्फ्युरिक आम्ल. प्रवाह देताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्लाचे पाणी होत जाते. भरताना ह्याच्या उलट घडते. एका घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट, म्हणून असे ६ घट मिळून १२ व्होल्ट.

सल्फेट ताजे असेपर्यंत बारीक कणांचे असते आणि सहज परत विरघळते. पण बॅटरी उतरलेल्या स्थितीत दिवसेंदिवस पडून राहिली, तर त्याचे मोठे, कठीण स्फटिक बनतात आणि ते मग परत फिरत नाहीत. तेवढा भाग कायमचा मेला. मामांच्या बॅटरीचे हेच झाले. पुढे ती गावातल्या दुकानात नीट भरून आणली, तरी निम्म्या कामाचीही राहिली नाही. म्हणून शिसे-आम्ल बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरू देऊ नये.

बॅटरी किती भरली आहे हे तिला विचारता येते. दिवे बंद करून, पॅनेल सोडवून, दोनेक तासांनी तिचा दाब मोजा. १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी, ११.८ किंवा कमी म्हणजे रिकामी. आकड्यांतला फरक केवढासा आहे! डोळ्यांना दिव्याचा उजेड सारखाच दिसत असताना बॅटरी निम्मी झालेली असते. म्हणून अंदाजावर राहू नये, आठवड्यातून एकदा दाब मोजून वहीत लिहावा.

आता लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटऱ्याही मिळतात. त्यांतील ८० टक्क्यांपर्यंत ऊर्जा नित्य वापरता येते आणि त्या अनेक वर्षे टिकतात. किंमत मात्र सुरुवातीला अधिक पडते. त्यांना आतच संरक्षक परिपथ लागतो आणि नियंत्रकही त्यांना चालेल असाच निवडावा लागतो.

श्रावणासाठी हिशोब

योग्य मांडणी कशी करावी? नियम एकच: सर्वांत वाईट महिन्याचा हिशोब करा. वैशाखाच्या उन्हावर आखलेला दिवा श्रावणात विझतो.

खर्च ६.७ अँपिअर-तास. बॅटरीतील गळती धरून भरावे लागतील ६.७ ÷ ०.८५ = ७.९. हे २ तासांत मिळायचे, म्हणून प्रवाह हवा ३.९५ अँपिअर. त्याला १८ व्होल्टांनी गुणले की ७१ वॅट. बाजारात ७५ वॅटचे पॅनेल मिळते; त्याचा प्रवाह ४.२ अँपिअर.

बॅटरीसाठी असे धरू की झडीचे ३ दिवस काहीच जमा होणार नाही. ३ × ६.७ = सुमारे २० अँपिअर-तास. निम्मीच बॅटरी वापरायची, म्हणून ४० अँपिअर-तासांची बॅटरी. उघडीप मिळून दिवसाला ४ तासांचे ऊन पडू लागले की रोज सुमारे साडेसात अँपिअर-तास शिल्लक पडतात आणि तीन दिवसांत बॅटरी पुन्हा भरते.

म्हणजे माझे पॅनेल पाहिजे होते त्याच्या जवळजवळ पावपट होते, आणि बॅटरी निम्मी. उन्हाळ्यात ह्या मोठ्या पॅनेलची बरीच वीज वाया जाते हे खरे. जाऊ द्या. विहीर पावसाळ्यात ओसंडते म्हणून कोणी ती उथळ खणत नाही.

तार जाड का हवी?

१ चौरस मिलिमीटर छेदाच्या, १ मीटर लांब तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. पॅनेल ते बॅटरी अंतर १० मीटर असेल, तर जाऊन-येऊन तार २० मीटर होते. तार दीड चौरस मिलिमीटरची घेतली तर रोध ०.२३ ओहम, आणि ४.२ अँपिअर प्रवाहाला जवळजवळ १ व्होल्ट तारेतच खर्ची पडतो. उन्हाने आधीच १५ व्होल्टांवर आलेल्या पॅनेलला हे परवडत नाही. ४ चौरस मिलिमीटरची तार घेतली की हा तोटा ०.३६ व्होल्टांवर येतो.

मग सर्व यंत्रणा घरी ठेवून १२ व्होल्टची तार ४०० मीटर गोठ्यापर्यंत नेली तर? ८०० मीटर तारेचा रोध, दीड चौरस मिलिमीटरला, सुमारे ९ ओहम. १० वॅटच्या दिव्यांना १२ व्होल्टला ०.८३ अँपिअर लागतात. ९ गुणिले ०.८३ म्हणजे साडेसात व्होल्ट वाटेतच गेले! हेच १० वॅट २३० व्होल्टने नेले तर प्रवाह केवळ ०.०४३ अँपिअर लागतो आणि अर्धा व्होल्टही जात नाही. वीज लांब न्यायची तर दाब मोठा का ठेवतात, ते ह्या एका उदाहरणावरून कळते. पण शेतातून २३० व्होल्टची तार ओढणे खर्चाचे असते, आणि पावसाळ्यात ती तुटून चिखलात पडली तर माणसांच्या आणि जनावरांच्या जिवावर बेतते. म्हणून गोठ्याची वीज गोठ्यावरच तयार केलेली बरी.

पॅनेल बसवताना

पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे करा. पुण्याचे अक्षांश साडेअठरा अंश, तेव्हा २० अंशांचा उतार योग्य. पॅनेल १ मीटर लांब असेल तर मागची कड ३४ सेंटिमीटर उचलावी. उतारामुळे पावसात धूळही धुऊन जाते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो, हे विसरू नका. त्या काळात काठीची सावली पाहून दिशा ठरवायला गेलात तर पॅनेल उलट बसेल! होकायंत्र वापरा.

सावलीपासून सांभाळा. घट एकसरीत असल्यामुळे एक घट झाकला तरी साऱ्या माळेचा प्रवाह अडतो. हे टाळण्यासाठी बहुतेक पॅनेलांत १८-१८ घटांचे दोन गट करून प्रत्येकाला डायोडची पळवाट दिलेली असते. पण एक गट वगळला की उरतात ९ व्होल्ट, आणि ९ व्होल्टांनी १२ व्होल्टची बॅटरी भरत नाही. पिंपळाचे एक मोठे पान नेमक्या जागी चिकटले तर ७५ वॅटचे पॅनेल भर उन्हात कुचकामी ठरू शकते. डिसेंबरात दुपारी सूर्य पुण्याच्या क्षितिजापासून केवळ ४८ अंश वर असतो आणि झाडाची सावली जवळजवळ झाडाच्या उंचीइतकी लांब पडते. दक्षिणेकडच्या झाडापासून तेवढे अंतर राखावे.

चार सूचना, ज्या विसरायच्या नाहीत

१२ व्होल्टांचा धक्का बसत नाही, म्हणून मुले बेफिकीर होतात. पण बॅटरीच्या दोन अग्रांवर चुकून पाना पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना क्षणात लाल होतो. गोठ्यात कडबा असतो, पेंढा असतो. म्हणून बॅटरीच्या धन अग्रापासून वीतभर अंतरावर १० अँपिअरचा फ्यूज बसवलाच पाहिजे. फ्यूज नसेल तर दिवाही नको.

दुसरे, जोडणीचा क्रम. नियंत्रकाला आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल, शेवटी दिवे. सोडवताना उलट क्रम.

तिसरे, भरत आलेल्या शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तिची पेटी हवेशीर ठेवा, जवळ बिडी-काडी नको. पेटी जनावरांच्या शिंगा-शेपटीच्या आवाक्याबाहेर असावी.

चौथे, बॅटरीत घालायचे ते फक्त ऊर्ध्वपातित पाणी. आम्ल अंगावर वा डोळ्यांत उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा. बॅटरीचे काम मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करा.

करून पाहा: तुमच्या गावाचे ऊन मोजा

१ वॅटचे, ६ व्होल्टचे लहान पॅनेल आणि एक मल्टिमीटर घ्या. पॅनेल दक्षिणेकडे २० अंश उतारावर पक्के बसवा. सकाळी ७ पासून संध्याकाळी ६ पर्यंत दर तासाला दोन गोष्टी मोजा: मोकळ्या अग्रांमधील दाब, आणि मीटर थेट अग्रांना जोडून येणारा प्रवाह. पॅनेलला असे थेट जोडणे चालते, कारण त्याचा प्रवाह प्रकाशापुरताच मर्यादित असतो. बॅटरीवर मात्र हा प्रयोग कधीही करू नका!

ढग आला की प्रवाह किती पडतो आणि दाब किती थोडा हलतो ते पाहा. मग आलेख-कागदावर वेळ आडवी आणि प्रवाह उभा घेऊन वक्र काढा. वक्राखालील चौकटी मोजल्या की दिवसाचे अँपिअर-तास मिळतात. त्यांना पॅनेलच्या मागे छापलेल्या लघुपरिपथ-प्रवाहाच्या आकड्याने भागा. उत्तर येईल ते तुमच्या गावातील त्या दिवशीचे पूर्ण उन्हाचे तास. हा प्रयोग एकदा जानेवारीत, एकदा मे महिन्यात आणि एकदा ऐन पावसात करा. शिक्षकांनी वर्गाच्या तुकड्या पाडून वर्षभर नोंदी ठेवल्या, तर गावातील कोणाही शेतकऱ्याला पॅनेल घेण्यापूर्वी शाळेत येऊन आकडा विचारता येईल.

आणि एक उदाहरण सोडवा. शाळेच्या सायकल-शेडमध्ये ९ वॅटचे दोन दिवे रोज ३ तास लावायचे आहेत. पावसाळ्यातील ऊन २ तास आणि बिनउन्हाचे ३ दिवस धरून पॅनेल व शिसे-आम्ल बॅटरी किती हवी? तुमचे उत्तर ४८ वॅट आणि २७ अँपिअर-तासांच्या जवळपास आले, तर तुम्हांला हा पाठ समजला. दुकानातून मग ५० वॅटचे पॅनेल आणि ३० किंवा अधिक अँपिअर-तासांची बॅटरी आणावी.

मामांच्या गोठ्यात आता ७५ वॅटचे पॅनेल आहे. बॅटरीच्या पेटीवर दोरीने एक वही बांधली आहे. मामी दर रविवारी पहाटे, धार काढायच्या आधी दिवा लावण्यापूर्वी, मीटर लावतात आणि व्होल्ट लिहितात. बाहेरचा दिवा पहाटे आपोआप बंद झालेला असतो, पॅनेल अजून जागे झालेले नसते, म्हणून ही वेळ त्यांनीच निवडली. आकडा १२.३ च्या खाली आला की त्या रात्री बाहेरचा दिवा लावायचा नाही, हा नियमही त्यांचाच. ज्या रात्री गाय अडेल त्या रात्री आतल्या दिव्याला काही कमी पडता कामा नये, असे त्या म्हणतात. हिशोब जमला की नाही हे त्यांना मला विचारावे लागत नाही.